चारशे तेरावी गाठ

सभेचं बोलावणं खिट्टीला नव्हतंच. थोरल्या काकांनी निरोप धाडले ते आत्याला, खिट्टीच्या बाबांना आणि आपल्या इंजिनिअर मुलाला. गवताचे गठ्ठे बांधणारं प्रत्येक यंत्र गेली नऊ वर्षं जिच्या हाताखाली उभं राहत होतं, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. सह्या तिघा भावंडांच्या, बाकीच्यांनी कारखान्यात आपापले पाने फिरवावेत, इतका सरळ मामला.

म्हणून खिट्टी न बोलावताच गेली. सकाळी दहाला, हातांचं ग्रीस पुसायची तसदीही न घेता.

हे नाव तिला आजोबांनी दिलं होतं. दोन वर्षांची असताना तिने ट्रॉलीच्या चाकाची खिट्टी उपसून फ्रॉकच्या खिशात घातली आणि चाक निखळून ट्रॉली नाल्यात गेली. सगळं घर ओरडत होतं तेव्हा म्हातारा हसत म्हणाला होता, "एवढीशी आहे, पण हिच्यावाचून गाडा चालायचा नाही." आता ती चौतिशीची झाली होती, तरी गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर खिट्टीताईंनाच मागत.

ऑफिसात शिरताच तिला आधी दिसला तो परका माणूस. काकांच्या शेजारच्या खुर्चीत, समोर टेबलावर निळी फाईल ठेवून तो ऐटीत बसला होता. हा मोठ्या कंपनीचा. महिन्यात तीनदा येऊन गेला होता, आणि दर वेळी कारखाना बघण्याऐवजी कारखान्याची जागा बघून गेला होता.

"तुझं काय काम आहे?" काकांनी विचारलं.

"उभी राहते. उभं राहायला सही लागत नाही ना?"

आत्या ओठांतल्या ओठांत हसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते टेबलाच्या कडेला बसून खाली मान घालून पेनचं टोपण उघडत होते आणि लावत होते. अकरा वर्षं ते असेच बसायचे, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.

काका बोलायला लागले. बोलणं त्यांना छान जमायचं, आणि आज तर त्यांनी पाठ करून आणलं होतं. कंपनी आपलं नाव घेईल. कंपनीची मोठे, गोल गठ्ठे करणारी यंत्रं इथे विकायला ठेवता येतील. गोल गठ्ठ्याला जाळी गुंडाळतात, गाठ मारायची भानगडच नाही. गवत ओलं असलं तर यंत्र आपण होऊन चालकाला सांगतं. आपल्या इंजिनिअरला तिथे मोठी जागा मिळेल. लोहारशाळा, ओतशाळा, जुळणीची शेड, हे सगळं मात्र बंद.

"आणि माणसं?" खिट्टीने विचारलं.

"मध्ये बोलू नकोस. माणसांचं बघू." काकांनी घसा साफ केला. "हे मी हौसेने करतोय असं वाटतं का तुम्हाला? अकरा वर्षं गिऱ्हाइकांचे फोन मी घेतोय. गठ्ठा गाडीत चढवताना सुटला, गठ्ठा माळ्यावरून टाकला तर फुटला, अर्धं गवत रस्त्यावर सांडलं. दहात एक गठ्ठा! शिव्या मी खाल्ल्या. आपल्या बाबांच्या हयातीत असा एक फोन आला होता का? एक तरी? मग..." ते थांबले आणि धाकट्या भावाकडे बघायचं टाळून खिडकीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. ज्याच्या हाताला यश नाही त्याला किती दोष द्यायचा."

हे वाक्य या ऑफिसात नवीन नव्हतं. आजोबा गेले, यंत्रातला गाठ मारणारा जोड बसवायचं काम बाबांकडे आलं, आणि त्याच वर्षी गठ्ठे सुटायला लागले. खापर फोडायला डोकं समोरच होतं. बाबांनी दोन हंगाम झगडून पाहिलं, प्रत्येक भाग पुन्हा घासला, पुन्हा बसवला. शेवटी पाने खिट्टीच्या हातात देऊन ते स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसले ते बसलेच. खिट्टीने काम घेतलं, तरी गठ्ठे सुटतच राहिले. मात्र तिला कुणी कधी बोललं नाही. बापाने बिघडवलंय, पोरगी काय करणार, असं सगळे म्हणायचे, आणि ती दया तिला शिवीपेक्षा जास्त झोंबायची.

"सह्या करून टाकू," काका म्हणाले. "माझी झालीय. धाकट्या, आता तू कर."

बाबांनी टोपण उघडलं. या वेळी ते परत लावलं नाही.

खिट्टी भिंतीकडे वळली. काकांच्या खुर्चीमागची ती अख्खी भिंत खिळ्यांनी भरलेली होती. कारखान्यातून यंत्र बाहेर पडायच्या आधी त्याचा पहिला गठ्ठा बांधायचा, त्याची गाठ कापायची आणि ती या भिंतीवर टांगायची, अशी आजोबांची पद्धत. गाठीखाली बोटाएवढी पितळी पट्टी, पट्टीवर यंत्राचा नंबर आणि गाठ बसवणाऱ्याची खूण. आजोबांची खूण एक टिंब, बाबांसाठी ठरलेली दोन टिंबं. पाचशे एकोणीस गाठी होत्या. वर्षातून एकदा पट्ट्या घासायच्या, एरवी भिंतीला हात लावायचा नाही, हे या घरातली पोरं चालायला शिकायच्या आधी शिकत.

तिने हात घातला आणि दोन गाठी खिळ्यांवरून उपसल्या.

"ए!" काका खुर्चीतून उठलेच. "डोकं फिरलं का तुझं? ठेव! ठेव ते आधी!"

"चारशे बारा," खिट्टीने एक गाठ टेबलावर फाईलच्या शेजारी आपटली. "आणि चारशे तेरा. बाबा, सही नंतर करा. आधी हे बघा."

"तिला बाहेर काढा," काका म्हणाले. पण काढणार कोण? इंजिनिअर खुर्चीतून पुढे वाकला होता. आत्याने चष्मा डोळ्यांवर घेतला होता. आणि कंपनीच्या माणसाला हे घरचं भांडण आहे की कामाचं, याचा पत्ताच लागत नव्हता.

"चारशे बारा ही आजोबांच्या हातची शेवटची," खिट्टी म्हणाली. "चारशे तेरा बाबांची पहिली. गिऱ्हाइकांनी शिव्या द्यायला सुरुवात केली ती इथून. बरोबर? आता गाठीकडे बघू नका. अकरा वर्षं सगळे गाठीकडेच बघतायत. सुतळीकडे बघा." तिने पहिल्या गाठीचं टोक चिमटीत धरून अंगठ्याने उजवीकडे ढकललं. सुतळीचे पदर सुटून फुलले. डावीकडे ढकललं तेव्हा ते पुन्हा एकमेकांत घट्ट बसले. मग तिने दुसरी घेतली. ती डावीकडे ढकलली की फुलत होती, उजवीकडे ढकलली की आवळत होती.

"पीळ उलटा आहे," इंजिनिअर म्हणाला.

"उलटा आहे! आणि आपली चोच कुठल्या बाजूला फिरते?"

चोच म्हणजे गाठ मारणारा आकडा. दट्ट्या गवत दाबतो, दाभण सुतळी वर आणतं, आणि पक्ष्याच्या चोचीसारखा तो आकडा सुतळीभोवती एक गिरकी घेऊन तिचं टोक पकडतो आणि फासातून ओढून काढतो. जगातल्या सगळ्या यंत्रांत ही गिरकी एका बाजूला. आपल्या यंत्रात मात्र उलटी, डावीकडे. हा तर घराण्याचा अभिमान! दुसऱ्या कुणाचा सुटा भाग आपल्या यंत्राला चालत नाही, हे काका गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे.

"डावीकडे," इंजिनिअर हळूच म्हणाला. त्याने चारशे तेराची सुतळी खिट्टीच्या हातून घेऊन स्वतःच ढकलून पाहिली. एकदा, दोनदा. त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे चोच फिरताना हिचा पीळ उलगडते. फुललेल्या सुतळीची गाठ बसते. दिसायला गाठच दिसते, पण आत ती मऊ..."

"आणि गठ्ठा आपटला की सरकते. दहात एक. बघ, काकांनी तुला उगाच शिकवलं नाही."

"थांब, थांब," काकांनी हात वर केला. "एवढी वर्षं याच चोचीने बांधलेले गठ्ठे टिकले ना? चोच तीच आहे. मग हात बदलला म्हणूनच बिघडलं."

"हात नाही बदलला काका. सुतळी बदलली. आधी सुतळी कुठून यायची?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्रासोबत सुतळी कारखानाच पुरवायचा आणि ती पुलापलीकडच्या म्हाताऱ्या दोरवाल्याकडून यायची. आजोबा गेले त्याच वर्षी दोरवालाही गेला. त्याच्या मुलांनी सुतळी वळायचं चाक मोडीत काढलं आणि काकांनी बाजारातली सुतळी आणली. तेवढीच जाड, तेवढीच मजबूत. वजन लावून, ओढून, सगळं तपासून आणली होती. पीळ कुठल्या बाजूचा आहे हे तपासायचं कुणाच्या डोक्यात यावं?

काका हळूहळू खाली बसले. पण माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "दोरवाला उलटा पीळ कशाला देईल? त्याचं चाक काय जगावेगळं होतं?"

"भिंतीवरचा पीळ मला तीन महिन्यांपूर्वी दिसला, पण ते मला नाही ठाऊक," खिट्टी म्हणाली. इथे ती अडली होती, तीन महिने अडली होती.

"मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

आत्या तिघांत थोरली. सत्तरी ओलांडलेली, कारखान्यात फारशी न येणारी, सही मागितली की करून मोकळी होणारी.

"मी नऊ वर्षांची असेन. पहिलं यंत्र झालं होतं आणि गाठी सुटत होत्या. आपल्या बाबांनी महिनाभर दोरवाल्याला फैलावर घेतलं, तुझी सुतळीच कुजकी म्हणाले. एक दिवस तो इथे आला. यंत्र फिरवून बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, मालक, तुम्ही डावरे. स्वतःच्या हाताची गाठ बघून चित्र काढलंत, म्हणून तुमचं यंत्रही डावरं झालंय. बाबांनी त्याला हाकलून दिलं. मला वाटलं आता सुतळी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच त्याच्याकडे पाठवलं. निरोप काय? तर चाक उलटं फिरव, आणि कुणाला बोलू नकोस." आत्याने चष्मा काढला. "मला वाटायचं ही काहीतरी खास सुतळी असते. अगं, आपल्यासाठी मुद्दाम केलेली. मी शाळेत मैत्रिणींना ऐटीत सांगायचे."

बाहेर ओतशाळेतली भट्टी घुमत होती.

"म्हणजे बाबांनी यंत्र नाही सुधारलं," काका कसेबसे म्हणाले.

"दोरवाल्याचं चाक सुधारलं," आत्या म्हणाली. मग ती धाकट्या भावाकडे वळली. "धाकट्या, मी कधी जोडलंच नाही रे हे. तुझ्यावर बोल येत होता आणि मी घरी बसून वाईट वाटून घेत होते. वाईट वाटून घेण्यापेक्षा आठवायला हवं होतं."

बाबांनी पेन टेबलावर ठेवलं.

कंपनीच्या माणसाला बोलायची हीच वेळ सापडली. "हे सगळं फार मनोरंजक आहे, पण जुनी यंत्रं का बिघडली याने आमच्या प्रस्तावात..."

"मनोरंजक?" खिट्टी त्याच्याकडे वळली. "चला बाहेर. अजून मनोरंजन दाखवते."

शेडमागच्या मोकळ्या जागेत पाचशे विसावं यंत्र उभं होतं. कारखान्याचं शेवटचं, असं काकांनी ठरवून टाकलेलं. त्याची पहिली गाठ अजून कापली गेली नव्हती आणि ट्रॅक्टर मात्र जोडून तयार होता. समोर वाळलेल्या गवताची लांब रांग पसरलेली.

"हे यंत्र बाहेर काढायला तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही," खिट्टी म्हणाली. "आता नीट बघा सगळे. गठ्ठ्याला सुतळीचे दोन पट्टे, म्हणून यंत्राला गाठीचे दोन जोड. डावीकडचा जुना, आजोबांच्या चित्राबरहुकूम. उजवीकडचा माझा. चोच उलटी ओतली, तिला फिरवणाऱ्या चकतीचे दाते या तोंडावरून त्या तोंडावर नेले, सुरीही फिरवली. अगदी आरशातल्यासारखं. दोन वर्षं जेवणाच्या सुट्ट्या गेल्यात यात, अकरा चोची मोडल्यात. एकच यंत्र, एकच दाब, एकच बाजारची सुतळी. आता कुणाच्या हाताला यश आहे ते गवतच सांगेल."

"दोन वर्षं? आणि भिंत तर तुला तीन महिन्यांपूर्वी कळली म्हणालीस," इंजिनिअर म्हणाला.

"चोच उलटी केली की गाठ टिकते हे आधी कळलं. का टिकते ते पितळी पट्ट्या घासताना कळलं. तुमच्या कॉलेजात क्रम उलटा असेल."

ट्रॅक्टर सुरू झाला. दट्ट्या धाड धाड चालायला लागला आणि मागून एकेक गठ्ठा बाहेर पडू लागला. बारा झाले तेव्हा तिने हात केला. शेडच्या माळ्यावर चढवून ते एकेक करून खाली टाकायचे, तेही कोपऱ्यावर. गिऱ्हाइकं टाकतात तसे, हातात फूल धरल्यासारखे नाही.

पहिले दोन टिकले. काकांचा श्वास सुटलेला ऐकू आला. तिसरा आपटला आणि डावा पट्टा सापासारखा उसळून सुटला. गवत एका बाजूने भसकन बाहेर आलं, पण उजवा पट्टा जागच्या जागी. सातवा, तसाच. नववा आणि बारावाही तसाच. चार गठ्ठे एका अंगाने फुगून लोळत पडले होते आणि चारही डावीकडूनच. उजवी गाठ एकही सुटली नव्हती.

"डावीकडे दाब जास्त असेल," काका लगेच म्हणाले. "चौकटच तिरकी असेल. यावरून काय ठरतं?"

खिट्टीच्या तोंडावर उत्तर आलं होतं, फारसं सभ्य नव्हतं. पण तिच्याआधी इंजिनिअर बोलला. "शंका रास्त आहे. जोडांची अदलाबदल करूया. तुझा डावीकडे, जुना उजवीकडे. मग बोलायला जागाच राहणार नाही. कुणालाच," असं म्हणून त्याने आपल्या वडिलांकडे पाहिलं. आजवर त्याने वडिलांकडे असं पाहिलं नव्हतं.

"तासभर लागेल," खिट्टी म्हणाली. "एकटीला."

"मला अकराची गाडी आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग चुकेल," आत्या म्हणाली आणि एका धड राहिलेल्या गठ्ठ्यावर ऐसपैस बसली.

खिट्टी यंत्राखाली शिरली. पहिला बोल्ट सुटला, दुसरा अडला. ती पाना लावून पाठीवर पडल्या पडल्या जोर करत होती तेवढ्यात पलीकडून दुसरा पाना आला आणि नट धरून उभा राहिला. तिने मान वळवली. बाबा होते. स्टोअरचा स्वच्छ डगला काढून ठेवलेला, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांच्या हातातला पाना तिला दिलेल्यांत नव्हता. म्हणजे नऊ वर्षं तो कुठेतरी जपून ठेवलेला होता.

"हा बोल्ट असा नाही सुटत," ते म्हणाले. "आधी पलीकडचा ढिला कर."

"हो बाबा."

एवढंच बोलणं झालं. पुढचा पाऊण तास दोघांनी एकमेकांना नुसते हात पुढे करून काम केलं. जोड बसल्यावर बाबांनी चोचीखाली करंगळी घालून ती हलवून पाहिली, डोळे मिटून. मग एक पातळ चकती मागितली आणि आत सरकवली. पुन्हा करंगळी. "हं," ते म्हणाले. "आता बस."

खिट्टीला भरून आलं. दोन वर्षं ती जे मापाच्या पट्टीने शोधत होती ते या माणसाने करंगळीने सांगितलं होतं, आणि याच्या हाताला यश नाही म्हणे! तिने ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

या वेळी वीस गठ्ठे बांधले. वीसही माळ्यावरून टाकले. पाच सुटले. पाचही उजवीकडून.

इंजिनिअरने खाली बसून खिट्टीची एक गाठ नखाने उकलायचा प्रयत्न केला, नख दुखावून घेतलं आणि उभा राहिला. "पप्पा, ही गाठ जगातल्या कुठल्याही बाजारातल्या सुतळीवर चालेल. आणि विकलेल्या पाचशे यंत्रांनाही बसवता येईल. जुना जोड काढायचा, हा लावायचा."

"तुला कंपनीत जागा मिळतेय," काका म्हणाले.

"मिळतेय. तरी गाठ घट्टच आहे."

सगळे पुन्हा ऑफिसात आले ते वेगळ्याच क्रमाने. आता काका सगळ्यांच्या मागे होते. बसल्यावरही त्यांचा आवाज चढला नाही, आणि खिट्टीला त्याचंच जास्त नवल वाटलं.

"हे नवीन जोड बसवायचे म्हणजे गिऱ्हाइकांना काय सांगायचं?" ते म्हणाले. "की ज्याचं नाव पाटीवर आहे त्याची मुळातच चूक होती? आयुष्यभर लपवली? मेलेल्या माणसाला असं उघडं पाडायचं? त्यापेक्षा नाव विकून टाकू. नाव तरी स्वच्छ राहील."

"काका," खिट्टी म्हणाली, "तुमच्या वडिलांची चूक झाकायची म्हणून माझ्या वडिलांनी अकरा वर्षं मान खाली घातली. गिऱ्हाइकांना तुम्ही फोनवर काय सांगत होता? भाऊ सांभाळून घेतोय हो, त्याला जमत नाही. मी शेजारच्या खोलीत असायचे. जिवंत माणसाला उघडं पाडताना काही वाटलं नाही ना? मग मेलेल्याला सोसू द्या थोडं. आणि आजोबा तेवढे मोठे होते. ज्यांनी गाठ मारणारं यंत्र स्वतःच्या डोक्याने उभं केलं ते डावरे होते म्हणून लहान होत नाहीत. लहान होतो ते आपण, भिंतीकडे बघत बसलो म्हणून."

"फार बोलतेस."

"अजून पुष्कळ उरलंय."

काकांनी कपाळ चोळलं. "सुतळी मी बदलली," ते एकदम म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "माझ्या हाताने. तीन दुकानं फिरून." मग जणू ते बोललेच नाहीत असं दाखवत त्यांनी कागद पुढे सरकवला. "तरीही माझं मत तेच आहे. थकलोय मी. माझी सही झालीय. ताई?"

"माझी नाही व्हायची," आत्या म्हणाली. "एकदा बाबांनी सांगितलं आणि मी गप्प बसले. पुन्हा नाही."

"तिन्ही सह्या लागतील," कंपनीचा माणूस म्हणाला.

"धाकट्या?" काकांनी भावाकडे पाहिलं. आजवर काकांनी सांगितलेलं धाकट्याने कधी मोडलं नव्हतं, कारखान्यात ना घरात. "तू ताईला समजाव. तुझं ऐकेल ती."

बाबा उठले. त्यांनी कागद उचलला, नीट वाचला आणि घडी घालून कंपनीच्या माणसाच्या फाईलवर ठेवला. मग भिंतीपाशी जाऊन ते पट्ट्या बघत राहिले. चारशे बारापर्यंत प्रत्येक पट्टीवर टिंब होतं. पुढच्या एकशे सात पट्ट्यांवर नुसते नंबर. खुणा वर्षअखेरीस ठोकायच्या, आणि त्या पहिल्याच वर्षी तक्रारी सुरू झाल्या तेव्हा काका म्हणाले होते, खूण नको ठोकूस, उगाच बोट दाखवायला जागा. बाबांनी ऐकलं होतं, आणि बापाची खूण नाही तिथे माझी कशाला, म्हणून पुढे खिट्टीनेही ठोकली नव्हती.

"खिट्टी," बाबा म्हणाले, "खुणेचा पंच आण. आणि छोटा हातोडा. स्टोअरमध्ये तिसऱ्या खणात, फडक्यात गुंडाळलेला आहे."

ती धावतच गेली. परत आली तेव्हा टेबलावर चारशे तेराची पितळी पट्टी एकटीच पडली होती आणि आत्याने निळी फाईल उचलून तिच्या मालकाच्या मांडीवर ठेवली होती.

"पाचशे विसाची गाठ तू टांग," बाबा तिला म्हणाले. "डावी नको, उजवी नको, घट्ट असलेली टांग. तुझी खूण काय ठोकायची?"

खिट्टीने त्याचा कधी विचार केला नव्हता. "एक आडवी रेघ," ती म्हणाली. "खिट्टीसारखी."

"छान. पण आधी माझ्या होऊ देत. दादा, ही यंत्रं मी बांधली. गाठीही मीच बसवल्या, आणि त्यांत माझी चूक नव्हती." त्यांनी पट्टीवर पंच धरला आणि हातोडा मारला. टक. पुन्हा टक. नंबरशेजारी दोन टिंबं उमटली.

कंपनीचा माणूस उठून उभा राहिला. जावं की थांबावं, कुणी काही सांगेना.

बाबांनी चारशे चौदाची पट्टी काढून टेबलावर ठेवली. टक. टक. टेबल हादरलं आणि काकांच्या सहीचं पेन घरंगळत खाली पडलं.

"अरे, ऐरणीवर तरी घे," काका खेकसले. "टेबलाला भोकं पाडतोस."

"पडू देत," बाबा म्हणाले आणि चारशे पंधरावी पट्टी काढायला भिंतीकडे वळले. त्यांच्या आणि खिट्टीच्या मिळून अजून एकशे पाच राहिल्या होत्या.